गांधीलमाशीचं गणगोत

कोल्हापूर भागातल्या जुन्या कौलारू घराच्या सोप्यात उभं राहून वर बघितलंत, तर तीन तऱ्हेची बांधकामं बहुधा सापडतातच. वाशाला बारीक देठानं लटकलेलं, राखाडी कागदाचं, षटकोनी घरांचं उघडं पोळं हे गांधीलमाशीचं. भिंतीच्या कोपऱ्यातला मातीचा ओबडधोबड गोळा कुंभारणीचा. आणि खिडकीच्या चौकटीवर, नाहीतर वायरीच्या पट्टीवर चिकटवलेलं बोराएवढं गोल मडकं, त्याला बाहेर वळलेला नीटस काठ. हेही आपण कुंभारणीचंच म्हणतो. आता या तिघींपैकी जवळच्या नात्यातल्या दोघी कोणत्या? बहुतेक लोक मातीवाल्या दोघींची जोडी लावतात.

पण खरी जोडी मडकेवाली आणि कागदवाली यांची आहे. या दोघी एकाच कुळातल्या, व्हेस्पिडी कुळातल्या. गोळेवाली कुंभारीण, शास्त्रीय नाव स्केलिफ्रॉन, ही वेगळ्याच फांदीवर बसते आणि तिची जवळची नातलग आहे मधमाशी.

हे पटायला अवघड जातं, कारण डोळ्यांना दिसतं ते उलटंच. मडकेवाल्यांतली आपल्याकडची एक मोठी प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, डेल्टा. तिची कंबर दोऱ्यासारखी, स्केलिफ्रॉनचीही तशीच. दोघीही मातीची ओली गोळी तोंडात धरून आणतात. दोघीही एकट्या राहतात, शिकार लुळी करून घरात कोंडतात आणि तोंड लिंपून निघून जातात. फरक दिसतो तो त्या बसल्यावर. डेल्टा स्थिर बसली की तिचा पुढचा पंख लांबीच्या दिशेनं मधोमध दुमडतो आणि पंख निम्म्या रुंदीचा, पट्टीसारखा दिसतो. कागदी पोळ्यावरच्या गांधीलमाशीकडे बघा, तिचाही पंख तसाच दुमडलेला असतो. स्केलिफ्रॉनचा पंख सपाट राहतो. दुसरी खूण डोळ्यांत आहे. डेल्टा आणि गांधीलमाशी या दोघींच्याही डोळ्याला आतल्या बाजूनं खाच असते, त्यामुळे डोळा मूत्रपिंडाच्या आकाराचा दिसतो. ही खूण बघायला साधं भिंग पुरतं.

घरटं जुनं, रिकामं असेल तर फोडून बघायला हरकत नाही. गोळ्याच्या आत एकाला एक लागून लांबट खोल्या असतात आणि त्यांत वाळलेल्या कोळ्यांचे पाय-तुकडे सापडतात. स्केलिफ्रॉन फक्त कोळी मारते. मडक्यात सापडतात अळ्यांचे अवशेष. मडकेवाली आधी रिकाम्या मडक्यात छताला बारीक धाग्यानं अंडं टांगते, मग अळ्या भरते आणि शेवटी तोंड बंद करते.

मग माती दोघींनी का निवडली? आपल्या जिल्ह्यात गावोगाव पाटील आहेत. कागलकडचे पाटील आणि शिरोळकडचे पाटील यांचं आडनाव एक, कारण दोन्ही घरांकडे कधीकाळी पाटीलकीचं वतन होतं. तेवढ्यावरून त्यांची भावकी एक होत नाही. भावकी एक व्हायला मूळपुरुष एक लागतो. मातीचं घर बांधणं हे त्या आडनावासारखं आहे. काम एक म्हणून ओळख एक झाली, रक्ताचं नातं त्यातून सिद्ध होत नाही.

उत्क्रांतीच्या अभ्यासात ही शिस्त आणली ती विली हेनिग या जर्मन कीटकशास्त्रज्ञानं. त्याचा ग्रंथ 1950 साली आला. त्याचं म्हणणं असं, की दोन जीवांत किती गोष्टी सारख्या आहेत हे मोजत बसू नका, सारखेपणाचा प्रकार बघा. जो गुण सगळ्यांच्याच समान पूर्वजापासून चालत आलाय, तो नातं ठरवायला निरुपयोगी. डंख घ्या. अंडी घालायच्या नळीचा डंख झाला तो फार प्राचीन काळी, म्हणूनच तो मादीलाच असतो आणि नर डसू शकत नाही. पण डंख मुंग्यांत आहे, मधमाश्यांत आहे, गांधीलमाश्यांत आहे, कुंभारणीतही आहे. सगळ्यांकडेच असलेली वस्तू कोण कोणाच्या जवळचं हे कशी सांगणार? उपयोगी पडतो तो एखाद्या शाखेच्या पूर्वजात पहिल्यांदा उगवलेला आणि फक्त त्याच्या वंशजांत उतरलेला गुण. दुमडणारा पंख अशा गुणांत मोडतो.

या शिस्तीनं चाललं, आणि आता जनुकांची साक्षही जोडली, की चित्र असं दिसतं. मधमाश्या या शिकारी माश्यांच्याच एका फांदीतून निघाल्या, शिकार सोडून परागावर आल्या. स्केलिफ्रॉन त्या मोठ्या फांदीवर आहे. मुंग्या त्या फांदीच्या शेजारणी. गांधीलमाशीचं कुळ या सगळ्यांपासून आधीच वेगळं झालं. म्हणजे मधमाशीला गांधीलमाशीपेक्षा मुंगी जवळची. आग्यामोहोळ आणि गांधीलमाशीचं पोळं आपण एकाच दमात बोलतो, दोन्हींत षटकोनी घरं असतात, राणी असते, कामकरी असतात. पण मोहोळ मेणाचं, पोळी उभी लटकलेली, घरं दोन्ही बाजूंना आडवी उघडणारी. गांधीलमाशीचं पोळं चावून मऊ केलेल्या लाकडाच्या धाग्यांचं, आणि घरांची तोंडं सहसा खाली. षटकोन दोन्हीकडे स्वतंत्रपणे आला. आणि एकत्र राहणंही!

आता व्हेस्पिडी कुळाच्या आत शिरू. कार्ल लिनियसनं 1758 साली प्राण्यांना दोन शब्दांची नावं द्यायची पद्धत पक्की केली, तेव्हा त्यानं या सगळ्या मंडळींना व्हेस्पा या एकाच प्रजातीत टाकलं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हेन्री द सोस्यूर या स्विस अभ्यासकानं सामाजिक माश्यांवर मोठा ग्रंथ लिहिला आणि पोळ्यांच्या बांधणीवरून त्यांचे गट पाडले. भारतातल्या माश्यांची पहिली मोठी जंत्री 1897 ची, चार्ल्स टी. बिंगहॅम या लष्करी अधिकाऱ्यानं केलेली. ती आजही अभ्यासकांच्या टेबलावर असते. मग 1962 साली ओ. डब्ल्यू. रिचर्ड्स या ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञानं या माश्यांची तीन स्वतंत्र कुळं केली: परागावर जगणाऱ्या एक, मडकेवाल्या एकट्या माश्या दुसरं आणि समाजात राहणाऱ्या तिसरं. वाचायला हे फार सोयीचं वाटतं. पण यातली विभागणी बरीचशी राहणीवरून होती.

1982 साली अमेरिकेतल्या जेम्स कार्पेंटर यांनी हेनिगची शिस्त या माश्यांना लावली आणि तिन्ही कुळं मोडून पुन्हा एकच कुळ केलं, आत सहा उपकुळं. सर्वांत आधी फुटलेली युपॅरॅजिनी, अमेरिकेच्या नैऋत्य भागातली आणि मेक्सिकोतली, जेमतेम दहाएक जातींची. मग मासरिनी, ज्या मधमाश्यांसारख्या पिल्लांना पराग भरवतात. मग युमेनिनी, म्हणजे आपली मडकेवाली आणि तिच्यासारख्या हजारो एकट्या माश्या. कुळातल्या सुमारे पाच हजार जातींपैकी बहुसंख्य याच. आणि शेवटी तीन सामाजिक उपकुळं: स्टेनोगॅस्ट्रिनी, पोलिस्टिनी आणि व्हेस्पिनी. कार्पेंटर यांच्या वंशवृक्षात, म्हणजे नात्यांच्या झाडात, ही तिन्ही एकाच फांदीवर होती. त्याचा अर्थ सरळ होता: या कुळात समाज एकदाच जन्मला.

इथून पुढची गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, म्हणून जरा थांबून सांगतो.

स्टेनोगॅस्ट्रिनी ही मुळात विचित्र मंडळी. दक्षिण भारत, श्रीलंका, आग्नेय आशिया, न्यू गिनी एवढ्याच पट्ट्यात, दाट सावलीच्या ओल्या जंगलात राहतात. हवेत एका जागी तरंगतात. समाज अगदी लहान, बहुधा पाच-दहा माद्यांचा. त्या पंख दुमडत नाहीत. अंडं घालताना पोटातल्या ग्रंथीतून जेलीसारखा पांढरट पदार्थ काढतात, अंडं त्यावर ठेवतात, पिल्लाची सुरुवात त्यातच होते. काही जाती हाच पदार्थ घरट्याच्या काडीवर मुंग्या अडवायला लावतात. असलं काही पोलिस्टिनीत नाही, व्हेस्पिनीत नाही. मग ही बाई त्यांची बहीण कशी?

1998 साली श्मिट्झ आणि मोरित्झ या संशोधकांनी डीएनएच्या आधारे पहिला धक्का दिला: स्टेनोगॅस्ट्रिनी बाकीच्या सामाजिक माश्यांच्या जवळ नाहीतच. 2007 साली हीदर हाइन्स आणि सहकाऱ्यांनी चार जनुकांचे तुकडे घेऊन तेच सांगितलं, की समाज या कुळात दोनदा स्वतंत्रपणे उगवला. कार्पेंटर यांना ते मान्य नव्हतं. 2010 साली त्यांनी कर्ट पिकेट यांच्यासोबत शरीराची लक्षणं, वागणुकीची लक्षणं आणि जनुकं एकत्र करून पुन्हा समाज एकदाच जन्मला याच बाजूनं कौल दिला.

आता यात अडचण कुठे येते ते नीट बघा. समाज किती वेळा जन्मला हे आपल्याला झाडावरून वाचायचंय. पण झाड मांडतानाच आपण पिल्लांना रोज खाऊ घालणं, घरटं मिळून वापरणं असले सामाजिक वागणुकीचे गुण घातले, तर समाजात राहणाऱ्या माश्या एका जागी येण्याकडे झाड आपोआप झुकणार. जे सिद्ध करायचं तेच हिशेबात आधी धरलं गेलं. उलट बाजूनं असाही रास्त आक्षेप होता, की चार जनुकांचे तुकडे म्हणजे पुरावा तोकडा, आणि फार जुन्या फाटाफुटीत थोडक्या जनुकांवरून चुकीच्या फांद्या जुळू शकतात.

या वादाचा निकाल तुकड्यांची संख्या वाढवूनच लागणार होता, आणि तसा तो लागला. 2018 साली पॅट्रिक पिएकार्स्की आणि सहकाऱ्यांनी शेकडो जनुकखंड वापरून झाड मांडलं. स्टेनोगॅस्ट्रिनी दूर गेल्या, पार आधी फुटलेल्या निघाल्या. समाज दोनदा जन्मला हे पक्कं झालं. या निबंधाच्या लेखकांत जेम्स कार्पेंटर यांचं नाव आहे. ज्या माणसानं तीन दशकांहून अधिक काळ एक झाड जपलं, त्यानंच ते मोडणाऱ्या पुराव्याखाली सही केली. विज्ञानाबद्दल पोरांना काही सांगायचं असेल तर मी ही गोष्ट सांगेन.

त्या निबंधात आणखी एक उलथापालथ आहे. युमेनिनी, म्हणजे एकट्या माश्यांचं ते भलंमोठं उपकुळ, एकसंध राहिलं नाही. त्यातला झेथस आणि त्याच्या सोबत्यांचा गट सुटून थेट कागदवाल्यांच्या, म्हणजे पोलिस्टिनी आणि व्हेस्पिनी यांच्या, शेजारी जाऊन बसला. त्याला आता झेथिनी असं वेगळं उपकुळ मानतात. आणि या झेथसची खासियत काय? तिच्या बऱ्याच जाती मातीऐवजी चावलेली पानं आणि डिंक वापरून घरटं बांधतात. काही जाती पिल्लाला अळ्या एकदम कोंडून न देता ते वाढेल तशा आणून देतात, आणि काहींत दोन-चार माद्या एकाच घरट्यावर शेजार करतात. म्हणजे वनस्पती चावून घर करायची सवय समाजाच्या आधीची असावी. हे महत्त्वाचं का, तर माती जड असते. मातीचं मोठं पोळं देठावर टांगता येत नाही. कागद हलका. शंभर घरं एका बारीक देठावर पेलतात, आणि देठ जितका बारीक तितकी मुंग्यांना वाट अरुंद. त्या देठावर माश्या पोटाकडचा मुंग्यांना नकोसा स्राव चोपडतात.

एकूण, सामाजिक गांधीलमाश्या असा गट आपण बोलताना करतो, पण वंशवृक्षात तो एक फांदी म्हणून सापडत नाही. मध्य अमेरिकेत मायक्रोस्टिग्मस नावाची एक चिमुकली माशी आहे, ती तर स्केलिफ्रॉनच्या बाजूच्या मोठ्या फांदीवरची, मधमाश्यांच्या नात्यातली. तिच्यातही समाज आहे, रॉबर्ट मॅथ्यूज यांनी 1968 मध्ये दाखवलेला. म्हणजे इंग्रजीत वास्प म्हणावं अशा, गांधीलमाशी-कुंभारणीसारख्या माश्यांत समाज निदान तीनदा उभा राहिला, मधमाश्या आणि मुंग्यांचा हिशेब निराळाच.

आपल्याकडे, कोल्हापूरच्या आसपास, ज्यांच्याशी रोज गाठ पडते त्या पोलिस्टिनी आणि व्हेस्पिनी. ओळख सोपी आहे. गुऱ्हाळ सुरू झालं, चरकातून रस पडायला लागला, की मधमाश्यांच्या घोळक्यात एखादी अंगठ्याएवढी तांबूस माशी गुरगुरत येते. तोंड पिवळं, पोटावर रुंद पिवळा पट्टा. ती व्हेस्पा ओरिएंटॅलिस, व्हेस्पिनीतली. तिचं पोळं सहसा जमिनीतल्या किंवा भिंतीतल्या पोकळीत असतं, म्हणून दिसत नाही. व्हेस्पा ट्रॉपिका काळपट, पोटाच्या वरच्या भागात एकच नारिंगी-पिवळा पट्टा. ही लहान गांधीलमाश्यांच्या पोळ्यांवर धाड घालते आणि अळ्या-कोष उचलून नेते. सोप्यातलं पोळं एका दुपारी अचानक रिकामं झालेलं दिसलं, घरांची झाकणं फाडलेली दिसली, तर संशयाला जागा आहे. व्हेस्पिनीत एकूण चारच प्रजाती आहेत. त्यांतल्या युरोप-अमेरिकेतल्या अंगणांत सतावणाऱ्या पिवळ्या-काळ्या व्हेस्पुला आपल्याकडे फक्त हिमालयात मिळतात. इंटरनेटवरचे फोटो बघून आपल्या माशीला ते नाव चिकटवू नका.

पोलिस्टिनीत आपल्याला दोन प्रजाती भेटतात. पोलिस्टिस अंगानं मोठी, लांब पायांची, उडताना पाय खाली सोडणारी, पोट दोन्हीकडे निमुळतं. रोपालिडिया त्याहून लहान. तिच्या पोटाचा पहिला भाग देठासारखा, दुसरा एकदम फुगीर आणि त्यापुढचे भाग बरेचदा त्यात ओढून घेतलेले, त्यामुळे पोट मागून तोडल्यासारखं वाटतं. बिंगहॅमच्या ग्रंथात हीच प्रजाती इकारिया या नावाखाली मिळेल. जुनं पुस्तक आणि नवा लेख ताडून बघताना हे लक्षात ठेवावं लागतं.

रोपालिडिया मार्जिनाटा ही तांबूस-तपकिरी, पोटावर पिवळी किनार असलेली जात दक्षिण भारतभर घरांच्या आडोशाला पोळी करते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तिचा कित्येक दशकं अभ्यास केला, आणि जगभरच्या समाजशील कीटकांच्या अभ्यासात या माशीचं नाव झालं. हिच्यात राणी आणि कामकरी दिसायला सारख्याच. कोणतीही मादी राणी होऊ शकते. पोळं वर्षातल्या कुठल्याही महिन्यात सुरू होतं, एकटीनं किंवा चार-पाच जणींनी मिळून. राणी शोधायला गेलात तर भांडखोर, सगळ्यांवर धावून जाणारी माशी हेरू नका. मार्जिनाटाची राणी शांत असते, पोळ्यावरच्या मारामारीत ती क्वचितच पडते, आपलं राणीपण ती गंधानं कळवते. राणी काढून घेतली की काही मिनिटांतच एक कामकरी प्रचंड आक्रमक होते, बाकीच्यांना बुकलून काढते. आठवडाभरात ती अंडी घालू लागते आणि मग तिचाही राग ओसरतो.

याच प्रजातीतल्या रोपालिडिया सायथिफॉर्मिसची राणी मात्र पोळ्यावरची सगळ्यांत दांडगी माशी असते. दोघी एका प्रजातीतल्या, दोघींचं पोळं उघडं, दोघींचे समाज लहान, तरी सत्ता चालवायची रीत दोन टोकांची. नातं इतकं जवळचं असल्यामुळेच ही तुलना मोलाची ठरते. फरक नेमका कशात पडला हे शोधताना बाकीचं बरंच काही सारखं धरता येतं. आणि दक्षिणेतल्या डोंगरांत रोपालिडिया मोंटाना आहे, जी झाडांवर वेष्टणाची प्रचंड पोळी करते आणि नवं घर एकटीनं कधीच थाटत नाही. राणीसकट कामकऱ्यांचा थवाच हलतो. अशी थव्यानं घर हलवणारी मंडळी दक्षिण अमेरिकेतल्या पोलिस्टिनींतही भरपूर आहेत, पण त्यांची फांदी वेगळी. रोपालिडियाशी त्यांचं जे नातं आहे ते या रिवाजाच्या आधीचं आहे. तेव्हा थव्यानं पोळं थाटणंही, मातीच्या घरासारखंच, इथे आणि तिथे वेगवेगळं सुरू झालेलं.